बुकिंगची वही

पहाटे निघा. वर्ष १९३५ आहे, तेव्हा मोबाइल घरीच ठेवा. कंबरेच्या एका गाठीत पोर्तुगीज रुपिया बांधा, दुसऱ्या गाठीत ब्रिटिश. तुम्ही पेडण्याचे, वय वीस-बावीस. दशावतारी मंडळींचा पेटारा डोक्यावरून वाहता वाहता तुम्ही रंग लावायला शिकलात, आणि गेल्या जत्रेत संकासुर होऊन नाचलातही. शेतात हात लागत नाही म्हणून घरचे वैतागलेले. कुणीतरी सांगितले की कोल्हापुरात बोलपट काढतात आणि तिथे अशा माणसांना पगार मिळतो. नाटकमंडळीत मिळते तसे जेवण आणि शाबासकी नव्हे. पगार, दर महिन्याला.

वाटेत जो भेटेल तो विचारतो, "खंय वता रे?" तुम्ही "कोल्हापूर" म्हणता आणि तो हसतो. होडीतून नदी ओलांडून सातार्डा, मग सावंतवाडी, तिथून सर्व्हिस मोटारीने आंबोलीचा घाट. वर पोचेपर्यंत मोटार पाणी पिण्यासाठी दोन-तीनदा थांबते. आजरा, निपाणी, कागल. कोल्हापुरात उतरता तेव्हा अंगावर लाल मातीचा थर असतो आणि भाषेतला हेल लपत नाही.

मंगळवार पेठेतल्या कोल्हापूर सिनेटोनच्या फाटकातून आत गेलात की पहिल्यांदा दिसतात ते सुतार. बोलपटाच्या कारखान्यात नटांपेक्षा सुतार जास्त असतात, हे तुम्हाला कुणी सांगितले नव्हते. अर्धा राजवाडा उभा आहे, त्याच्या पाठीमागे नुसत्या फळ्या आणि टेकू. पत्र्याच्या उंच छपराखाली आर्क दिव्यांची धग. छपरात चिमण्या. साउंडवाला कानांवरचे यंत्र काढून वर बघतो आणि शिवी हासडतो; चिमण्या उडवण्यासाठी एक पोरगा लांब बांबू घेऊन धावतो. उद्यापासून तो बांबू तुमच्या हातात असणार आहे.

सध्या 'विलासी ईश्वर' चालू आहे. कथा मामा वरेरकरांची, दिग्दर्शक मास्टर विनायक. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच बोलपट. मुंबईहून आलेली नवी मुलगी शोभना समर्थ सावलीत बसून संवाद घोकते आहे. तुम्ही मात्र कारकुनाच्या खोलीकडे जा. टेबलावर एक जाड वही आहे. चोरून पाहा. तिच्यात नावे आहेत, पुढे पगाराचे आकडे, पुढे सह्या आणि अंगठे. दिग्दर्शक, नट, कॅमेरावाला, शिंपी, गवंडी सगळे एकाच वहीत. आज शूटिंग असो वा नसो, महिना भरला की पैसे.

ही वही इथे का आली, ते तुम्हाला दुपारी चहाच्या वेळी कळते. १ जून १९२९ला याच गावात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी 'प्रभात' काढली. 'अयोध्येचा राजा' इथला. आणि १९३३ साली सगळी मंडळी सामान बांधून पुण्याला गेली. गावातून सिनेमा उठून गेला हे राजाराम महाराजांना सहन झाले नाही. त्यांनी सिनेटोन उभा केला. त्यांच्या भगिनी अक्कासाहेब महाराज यांच्या आश्रयाने रंकाळ्याकाठी शालिनी सिनेटोनही उभा राहिला. म्हणजे ही वही बाजाराने भरलेली नाही, दरबाराने भरलेली आहे. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुम्ही गोव्याचे म्हणताच कुणीतरी सांगलीचा विषय काढतो. मंगेशीचे मास्टर दीनानाथ, बलवंत संगीत मंडळीचे मालक. नाटकाला उतरती कळा लागली म्हणून त्यांनी सांगलीत बलवंत पिक्चर्स काढली आणि 'कृष्णार्जुन युद्ध' पडद्यावर आणले. सांगणारा मान हलवतो. पैसा बुडाला. गळ्याने मिळवलेले कॅमेऱ्याने नेले. त्यांना एक सहा वर्षांची मुलगी आहे, तिचे या गावाशी काय नाते जुळणार आहे, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. बोलू नका. चहा प्या.

पुढच्या वर्षी, १९३६मध्ये, विनायक आणि बाबुराव पेंढारकर बाहेर पडून 'हंस पिक्चर्स' काढतील. १९४०मध्ये महाराज जातील. दरबाराची वही दरबाराबरोबर मिटते.

चाळीसच्या दशकात परत या तेव्हा सिनेटोनच्या त्याच फाटकावर 'जयप्रभा' लिहिलेले आहे आणि मालक आहेत दिग्दर्शक भालजी पेंढारकर. सगळे त्यांना बाबा म्हणतात, तुम्हीही म्हणा. खादी, कडक शिस्त, चुकले तर सगळ्यांसमोर बोलणी. 'महारथी कर्ण'साठी पृथ्वीराज कपूर येऊन गेले. 'वाल्मीकि'त त्यांचा मुलगा नारद झाला आहे, वीस-एकवीस वर्षांचा गोरा पोरगा, नाव राज. आता तुमच्याकडे बांबू नाही, पडद्यांचे खाते आहे. पण कारकुनाच्या खोलीत डोकावलात तर वही बदललेली दिसेल. पगाराची पाने कमी झाली आहेत, करारांची वाढली आहेत.

हे एकट्या कोल्हापूरचे नाही. युद्ध सुरू झाले, कच्ची फिल्म मिळेना, सरकारने बोलपटाची लांबी ११,००० फुटांवर आणून ठेवली. त्याच युद्धात काळ्या बाजारात गब्बर झालेल्यांना सिनेमात पैसा लावायची हौस आली. त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, सुतार नव्हते, महिन्याचे पगारही नव्हते. त्यांनी नट उचलला, एका चित्रपटापुरता, रोख मोजून. वर्षाचा पगार एका चित्रपटात मिळत असेल तर वहीवर सही कोण करील? शांताराम १९४२मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि परळला राजकमल उभारले. दामले १९४५मध्ये गेले. पुण्यातल्या त्या भव्य स्टेजवर १९५३पर्यंत कुलूप लागणार आहे. ज्यांनी 'संत तुकाराम' व्हेनिसपर्यंत नेला त्यांची ही गत, तर जयप्रभा कशी तग धरणार?

फेब्रुवारी १९४८. इथे थोडे थांबा, घाई करू नका.

३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता, एवढे कळल्यावर कोल्हापुरात आणि आसपास ब्राह्मणांची घरे-दारे पेटवली गेली. भालजी ब्राह्मण होते, म्हणून स्टुडिओही पेटला. तुम्ही पोचता तेव्हा ज्वाळा नाहीत, वास आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की स्वतःचाच प्राणवायू घेऊन जळते, पाण्यातही विझत नाही. डबे तापून फुटले आहेत. ज्या कपाटात तुमचे पडदे होते तिथे बिजागऱ्या उरल्यात. 'मीठभाकर' तयार होत आली होती. तिची फिल्म राखेत गेली.

ज्यांनी आग लावली त्यांतले काही इथेच मावळे म्हणून उभे राहिले असतील का, असा प्रश्न तुमच्या मनात येतो. बाबांना तो विचारायची हिंमत तुम्हाला होत नाही. ते राखेत उभे राहून सुतारांची यादी करताहेत. 'मीठभाकर' पुन्हा पहिल्यापासून काढली जाईल आणि १९४९मध्ये प्रदर्शित होईल. स्टुडिओ पुन्हा उभा राहील, कर्जावर. मला विचाराल तर जयप्रभेची खरी गोष्ट या कर्जापासून सुरू होते. आधीचे सगळे वैभव सांगायला सोपे आहे.

आता १९५५ ते १९५९. या वर्षांत तुम्ही कोल्हापूरला जाऊच शकत नाही.

१५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीच्या नाक्यावर, तुमच्याच पेडणे तालुक्यात, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरहद्द बंद. भारताने नाकेबंदी केली. पलीकडच्या बांद्याला बहीण दिलेली असेल तर तिचे तोंड पाहायलाही परवाना. थोड्याच वर्षांत रुपियाही जातो आणि एस्कुदो येतो. डिचोलीच्या बाजूने गेलात तरी तेच: सालच्या पुढे दोडामार्ग, मध्ये पहारा. काळात मागे-पुढे फिरणे सोपे आहे, पण पोर्तुगीज शिपायाला समजावणे नाही.

तुम्ही घरात बसून रेडिओचा कान पिळता. लता मंगेशकर. पहारा ओलांडून आलेला हा एकच माल, त्यावर जकात बसत नाही. तुम्ही त्या आवाजात मंगेशी शोधता, सगळा गोवा शोधतो. आणि त्याच काळात, १९५९मध्ये, कर्जात बुडून विकायला निघालेला जयप्रभा स्टुडिओ त्या विकत घेतात. भालजींनी पूर्वीसारखेच तिथे काम करत राहायचे, असे ठरते. सांगलीत वडिलांची चित्रपट कंपनी बुडाली. मुलीने कोल्हापुरात दुसऱ्याची तारली. कादंबरीत वाचले असते तर जरा जास्तच जुळवून आणले आहे म्हणालो असतो. पण वहीच्या दृष्टीने पाहा. राजा गेला, दिग्दर्शक आला. दिग्दर्शक थकला, गायिका आली. प्रत्येक वेळी एक माणूस मध्ये पडला. यंत्रणा अशी कुठलीच आली नाही.

पुण्यात आली, हेही सांगायला हवे. प्रभातच्या जागेवर १९६०मध्ये केंद्र सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. स्टेज तेच, पाण्याचा तलाव तोच, फक्त आत विद्यार्थी. प्रभात कंपनी वाचली नाही, जागेचे काम वाचले.

१९६३. ही सगळ्यांत चांगली खेप. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पत्रादेवीला आता कुणी कागद विचारत नाही. तुम्ही वयाने पन्नाशीकडे झुकलात, म्हणून या वेळी बरोबर डिचोलीचा भाचा आहे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये पुन्हा बांधले, हे त्याला शाळेत कुणी शिकवलेले नाही. देवळाच्या पायरीवर बसून कळलेले आहे. त्यामुळे जयप्रभेत 'मोहित्यांची मंजुळा'च्या गर्दीसाठी माणसे हवीत म्हटल्यावर तो पगार विचारायच्या आधी तलवार मागतो. लाकडी मिळते.

अंगरखा घामाने चिकटतो. दाढी चिकटवण्याचा गोंद गालावर ताणतो आणि शिंकायची सोय नसते. रिफ्लेक्टरवरून उन्हाची तिरीप बरोबर डोळ्यांत. घोडे माणसांपेक्षा शहाणे, दुसऱ्या रिहर्सललाच जागा ओळखतात. "सायलेन्स!" छपरात अजून चिमण्या आहेत. बांबूवाला पोरगाही आहे. वेगळा पोरगा, बांबू कदाचित तोच. बाबा खुर्चीतून उठतात, भाच्याच्या हातातली तलवार सरळ करतात आणि म्हणतात की ही फळी आहे हे तू विसर, मग तेही विसरतील. 'ते' म्हणजे कोण, हे भाच्याला कळायला थोडा वेळ लागतो. मग तो कॅमेऱ्याकडे पाहतो आणि पाहिल्याबद्दल शिव्या खातो.

संगीतकाराचे नाव श्रेयनामावलीत 'आनंदघन' असणार आहे. मालकीणबाईंनीच घेतलेले टोपणनाव. आपल्याच स्टुडिओतल्या चित्रपटाला संगीत देताना नाव लपवणारी मालकीण तुम्ही दुसरी पाहिली आहे का? इथून पुढची पाच-सहा वर्षे जयप्रभेची भरतीची: 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. त्या शेवटच्या चित्रपटात दादा कोंडके नावाचा नवा माणूस पडद्यावर येईल आणि थोड्याच वर्षांत अख्ख्या मराठी सिनेमाची तिकीटबारी बदलून टाकील.

या खेपेला वही उघडपणे बघायला मिळते. कारकून ओळखीचा झालाय. पगाराची पाने जवळपास संपली आहेत. आता तिच्यात तारखा आहेत: कुठला फ्लोअर, कुठल्या कंपनीला, किती दिवस, किती भाडे. बुकिंगची वही. भरलेल्या चौकोनांमध्ये रिकामे चौकोन आहेत, पण अजून नजरेला टोचत नाहीत.

पुढची तीस वर्षे झरझर उलटा, त्यात थांबण्यासारखे थोडे आहे. रंग आले आणि खर्च वाढला. प्रयोगशाळा मुंबईत, डबिंग मुंबईत, वितरक मुंबईत. मग शूटिंगच तेवढे कोल्हापुरात कशाला? कॅमेरे हलके झाले, खरा वाडा भाड्याने मिळू लागला, फळ्यांचा वाडा कोण बांधणार? दूरदर्शन आले. डिचोलीच्या टॉकीजबाहेरची मराठी चित्रपटाची रांग आखडत गेली. सरकारने मोरेवाडीच्या माळावर कोल्हापूर चित्रनगरी काढली आणि ती वर्षानुवर्षे नुसती माळ म्हणूनच राहिली. भालजींना १९९१चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९९४मध्ये ते गेले. रंकाळ्याकाठचा शालिनी स्टुडिओ आधीच इतिहासजमा झालेला. जयप्रभेच्या सुमारे तेरा एकरांतल्या बहुतेक जागेवर घरे उठली, स्टुडिओच्या वाट्याला साडेतीन-एक एकर उरले. ते तरी राहावे म्हणून महापालिकेने वास्तू वारसा यादीत घातली, आणि मालकपक्ष न्यायालयात गेला.

आता मोबाइल घ्या. फेब्रुवारी २०२२.

६ फेब्रुवारीला लतादीदी गेल्या. मंगेशीपासून पेडण्यापर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांचाच आवाज. त्याच आठवड्यात दुसरी बातमी येते: जयप्रभेची उरलेली जागा दोन वर्षांपूर्वीच, २०२०मध्ये, विकली गेली आहे. तुम्ही गाडी काढता. आंबोलीला आता पाणी पाजायला थांबावे लागत नाही. फाटकासमोर मंडप, सतरंज्या, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाची मंडळी, तंत्रज्ञ, जुने नट. साखळी उपोषण चालू आहे. महाराजांनी ही जागा फक्त चित्रीकरणासाठी दिली होती, तशी अट आहे, असे ते सांगतात. सरकारने ताब्यात घ्यावी, असे म्हणतात. आदल्या आठवड्यात ज्या बाईंसाठी याच लोकांनी मेणबत्त्या लावल्या, त्यांच्याविषयी बोलताना त्यांची जीभ अडखळते.

मला या अडखळण्याबद्दल आदर वाटतो. ज्यांची जीभ अडखळली नाही, त्यांच्याबद्दल कमी. एका बाजूने, स्टुडिओ विकणे हा विश्वासघात. दुसऱ्या बाजूने, बुकिंग आटत गेलेला स्टुडिओ साठ वर्षे सांभाळणे हा काय प्रकार असतो, हे सतरंजीवरच्या किती जणांनी स्वतःच्या खिशातून अनुभवले आहे? वारसा यादीत नाव घालणाऱ्या महापालिकेने छपराच्या एका पत्र्याचे पैसे देण्याची तरतूद त्या यादीत केलेली नसते. मालकाने जपावे, मालकाने विकू नये, मालकाने तोटा सोसावा आणि मालकाने कुरकुर करू नये, अशी ती योजना. तरीही मी उपोषणाला बसलेल्यांच्या बाजूला बसेन. कारण उरलेले साडेतीन एकर गेले तर परत मिळणारे नाहीत, आणि रिकामी वही मात्र पुन्हा भरता येते. दरबार, दिग्दर्शक आणि गायिका यांच्यानंतर चौथ्या पाळीला सरकारने यायला हवे होते, पुण्यात आले तसे. ते साठ वर्षे उशिरा मंडपात आश्वासन घेऊन येते.

आणि तुम्हाला पेडणेकरांना जमिनीचा व्यवहार कुणी शिकवायची गरज नाही. त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरला मोपाच्या पठारावरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पठार होते तेव्हा एकराला काय भाव होता आणि आज काय आहे, हे तुमच्याकडे शाळकरी पोरही सांगते. भाव एवढा चढला की त्या जमिनीवर काय काम चालते हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी ठरतो. मंगळवार पेठेतही तेच झाले, मोपापेक्षा हळू.

आता शेवटची खेप, पुढे. वर्ष तुम्ही निवडा, फार लांबचे नको.

गोव्यात २००४पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. दर नोव्हेंबरात पणजीत लाल गालिचा पडतो. त्यामुळे आपली एक चित्रनगरी असावी ही हौस आपल्याकडे अधूनमधून उफाळते. काणकोणात लोलयेच्या भगवती पठारावर ती आणायचे घाटले तेव्हा गावकऱ्यांनी ग्रामसभेत विरोध केला. समजा, ती हौस फिरत फिरत तुमच्याकडे आली. पेडण्याचे एखादे उरलेले पठार, किंवा डिचोलीत खाण बंद पडून पडीक झालेली जागा. रविवारची सकाळ, पंचायतीचा हॉल, पंखे कुरकुरताहेत. पडद्यावर रंगीत चित्र: स्टेज, तलाव, हॉटेल, पार्किंग. हॉटेल स्टेजपेक्षा मोठे आहे. साहेब सांगताहेत किती एकर, किती कोटी, किती रोजगार. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतो, कुणीतरी टाळ्या वाजवतो.

तुम्ही उठता. एकर विचारू नका, ते त्यांना पाठ आहेत. सुतार किती लागतील आणि ते महिन्यावर असतील की रोजावर, हे विचारा. हॉटेल नफ्यात आणि स्टेज तोट्यात गेले तर यातले कुठले बंद करणार, ते विचारा. पहिल्या वर्षाच्या बारा महिन्यांत कुठला फ्लोअर कुणी घेतलाय, निदान दहा मराठी-कोंकणी चित्रपटांची नावे तरी वहीत आहेत का, ते विचारा आणि वही टेबलावर मागा. पाचव्या वर्षी मालकाने जागा विकायची म्हटली तर त्याला आधी कुणाला विचारावे लागेल, हे आजच्या ठरावात घालायला लावा.

साहेब घड्याळाकडे बघताहेत. पंचायत सचिवांनी इतिवृत्ताचे रजिस्टर उघडलेय, पेन काढलेय. नाव आणि वाडा सांगा आणि बोलायला लागा.